फॅमिली म्हंजे तुन्ही बायको

सुरतेच्या बमरोलीत, लूमवाल्यांच्या खोल्यांच्या आमच्या लाइनीत, 'फॅमिली' या शब्दाचा अर्थ एकच होता : बायको. गावाहून एकटा आलेला कारागीर सहा-सात जणांच्या खोलीत राहायचा, मेसमध्ये जेवायचा आणि पाळी संपली की दुसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या गरम अंथरुणावर आडवा व्हायचा. मग कधीतरी नंदुरबारकडची गाडी पकडून तो गावी जायचा, आणि परतताना सोबत एक पत्र्याची पेटी आणि डोक्यावरून पदर घेतलेली नवी नवरी असायची. लाइनीत बातमी फिरायची, "तो फॅमिली लई उना," म्हणजे घेऊन आला. खोली भाड्याने देणारा गुजराती मालकही आधी तेच विचारायचा, "फॅमिली छे के छडो?" छडो म्हणजे सडाफटिंग. छड्याला वेगळी खोली मिळत नसे, फॅमिलीवाल्याला मिळे. आई-बाप सोबत असोत नसोत, त्याचा या शब्दाशी काही संबंध नव्हता.

माझी आईसुद्धा अशीच कधीतरी वडिलांची फॅमिली म्हणून या शहरात आली. वडील लूमवर, आणि ती घरात बसून साड्यांचं धागा कटिंग करायची. भरतकामाच्या मागच्या बाजूला सुटलेले धागे छोट्या कात्रीने कापत जायचं, साडी फाटू द्यायची नाही. वडील गेले, आम्ही बमरोलीहून भेस्तानच्या फ्लॅटमध्ये आलो, मला इच्छापोरच्या कारखान्यात खरेदी खात्यात नोकरी लागली, तरी तिचं कटिंग सुटलं नाही. "हात रिकामे ऱ्हायनात का माले करमत नही," म्हणायची. मी चिडायचो. ऑफिसातलं कुणी घरी येणार असलं की मी तिला तो साड्यांचा ढीग आत ठेवायला लावायचो. तीही ठेवायची.

तर, कार्ड. माझा पगार ज्या बँकेत जमा होतो तिने मला एक क्रेडिट कार्ड दिलं. नेहमीपेक्षा जाड, काळं, कडेला सोनेरी रेघ. ते देताना फोनवरची मुलगी म्हणाली होती, "सर, इसमें फॅमिली का ट्रॅव्हल इन्शुरन्स फ्री है." त्या दिवसापासून माझं बोलणं ऐकवत नसणार. कुणी परदेशी निघाला की मी विचारायचो, विमा काढलास? काढला म्हटलं की मी हळहळायचो. अरे, चांगलं कार्ड घे ना, हे सगळं त्यातच असतं, तुम्ही लोक उगाच एजंटच्या नादी लागता. ऑफिसात दुपारच्या डब्याला मी यावर बरंच शहाणपण पाजळलं आहे, आणि ते ऐकणारे अजून त्याच ऑफिसात आहेत.

बहीण शारजात असते. तिचा नवरा कापडाच्याच धंद्यात, सुरतेचा माल तिकडे विकतो. तिला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, पण डॉक्टरने विमानाला नाही म्हटल्यामुळे ते तिकडेच झालं, आणि आईला ते फार लागलं होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून झालं नाही, हे ती भाकरी थापतानासुद्धा बोलायची. म्हणून बारसं आम्ही पोचेपर्यंत थांबवायचं ठरलं. मी, बायको आणि आई, आठवडाभरासाठी जाणार होतो. सुरतेहून थेट विमान. तिकिटं मी माझ्या कार्डावर काढली, कारण तिकीट त्याच कार्डावर काढलं तरच विमा लागू होतो. एवढी एक अट मला ठाऊक होती, आणि तेवढ्या भांडवलावर मी नाकाने कांदे सोलत होतो.

बायको शाळेत शिकवते. तिच्या शाळेतल्या एका बाईंचे सासरे परदेशात अचानक आजारी पडले होते, तेव्हापासून ती या बाबतीत सावध. ती म्हणाली, "आईंचा वेगळा काढू या ना. आपलं दोघांचं कार्डावर असू दे, पण त्यांचं वय आहे."

"एका पावसाला दोन छत्र्या कशाला?" मी म्हणालो. "फॅमिली कव्हर आहे ते."

आई शेवभाजी वाढत होती. तिने पळी तशीच धरून विचारलं, "मंग मन्हं काय?"

"तुझं काय म्हणजे?"

"फॅमिली म्हंजे तुन्ही बायको. मी कोठे उनू त्याम्हा?"

आम्ही दोघंही इतके हसलो की बायकोला ठसका लागला. मी आईला समजावून सांगितलं, की हा लाइनीतला शब्द नाही, इंग्रजी शब्द आहे, फॅमिली म्हणजे अख्खं घर. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी हा किस्सा ऑफिसात सांगितला, आणि तो तिथेही चालला. माझ्या आईच्या अडाणीपणावर मी हशे घेतले, आणि मला त्यात प्रेमच वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आई बॅग भरत होती. डिंकाचे लाडू, नागलीचे पापड, तिने हाताने शिवलेली झबली. मी मदतीच्या नंबरवर फोन लावला, तिकडे गरज पडली तर कुठे कळवायचं एवढंच विचारायला. हातात चार्जर गुंडाळत होतो म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. मुलीने माझी माहिती विचारली, प्रवास विचारला, आणि मग सहज विचारलं, "सर, कौन कौन ट्रॅव्हल कर रहे हैं?"

"मैं, वाइफ और मदर."

"सर, आपका और मॅडम का कव्हर है. मदर का नहीं है."

"फॅमिली का है ना?"

"जी सर. फॅमिली मतलब कार्डहोल्डर, वाइफ और बच्चे. मदर फॅमिली में नहीं आती हैं."

मी स्पीकर बंद करायला धावलो, पण तोवर बोलून झालं होतं. आई लाडवाच्या डब्याला दोरी बांधत होती. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा चक्क खुलला. "देख!" ती म्हणाली. "मी सांगेल व्हतं ना!"

ती खरंच खूश झाली होती. ज्या गोष्टीवर सगळं घर तिला हसलं, ती तिचीच बरोबर निघाली होती. माझ्या अंगाची मात्र लाही लाही झाली. खरेदी खात्यात माझं काम काय, तर मशिनचा सुटा भाग घेताना त्याच्या वॉरंटीतली बारीक अक्षरं वाचणं. कारखान्याच्या पंपासाठी मी जेवढं वाचतो तेवढं आईसाठी वाचलं नव्हतं, आणि हे बायकोच्या देखत उघडं पडलं होतं.

बायकोने मोबाइल घेतला, कुठलीशी साइट उघडली आणि आईचा वेगळा विमा काढायला बसली. अजूनही निघत होता, विमान सुटेपर्यंत निघतो. तिने आईचं नाव घातलं, जन्मतारीख घातली. कार्डाच्या फुकट विम्यात माणसाला काही विचारत नाहीत. वेगळ्या विम्यात माणूस कोण, त्याला काय होतं, हे विचारतात. बायकोने विचारलं, "आई, ती सकाळची गोळी बीपीचीच ना? किती वर्षं झाली?" मग माझ्याकडे वळून, "अहो, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. गोळी आहे एवढं माहीत होतं. तिचं पान संपलं की आईच खालच्या मेडिकलवरून घेऊन यायची.

"ते काय आजार से का?" आई म्हणाली. "आजारी मानूस खाटवर पडेल ऱ्हास. ऱ्हाऊ दे ना वं बाई. माले काय धाड भरनी? चार दिन जाई येसूत."

आणि मी ती फट पकडली. माझा विचार सरळ होता : हा विमा आत्ता निघाला तर बायकोचं खरं ठरणार, आणि दरवेळी परदेशाचा विषय निघाला की ते माझ्या डोक्यावर बसणार. मी आवाज चढवला. "ती म्हणतेय ना नको? आठवड्यात काय होतंय? आता विमा पण तूच मला शिकवणार का?" बायकोने मोबाइल उलटा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. आई घाईघाईने म्हणाली, "भांडू नका रे, मन्हा पायरे भांडू नका." माझ्यापायी भांडू नका, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानात बसलो.

शारजात पहिल्या संध्याकाळी आईने नातीला घेतलं ते खाली ठेवायलाच तयार नव्हती. बाळाचे तळवे हुंगत होती. बहीण माझ्याकडे बघून हसली, अगदी लहानपणी हसायची तशी. त्यानंतर मात्र आई बदलली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वेटर घालून बसू लागली. विचारलं तर म्हणे, "आठे त्या एशीनी थंडी वाजस." बाळ रडलं तर ती उठायची, वाकायची, आणि मग बहिणीला हाक मारायची. बहिणीने बाळ पुढे केलं की "ऱ्हाऊ दे, झोपमा से," असं काहीतरी पुटपुटून पाळण्याची दोरी धरायची. ती दोरी मात्र तासन् तास ओढायची. आमच्या सगळ्यांच्या ते लक्षात आलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ काढला.

बारशाला बहिणीच्या ओळखीच्या चार-पाच मराठी बायका आल्या होत्या. पाळणा सजवला होता. बाळाला पाळण्याखालून आणि पाळण्यावरून एकीने दुसरीच्या हातात द्यायचं असतं. अलीकडे बहिणीची सासू उभी होती, पलीकडे आजी म्हणून आईने उभं राहायचं. आई मागे सरकली. "तू ले तिले," ती माझ्या बायकोला म्हणाली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. हात स्वेटरमध्ये. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग बायकोने पुढे होऊन बाळ घेतलं, नाव ठेवलं गेलं, घुगऱ्या वाटल्या गेल्या.

सगळ्या गेल्यावर बहीण आईला म्हणाली, मी तिथेच होतो, "मुलगा असता तर घेतलं असतंस ना?"

आईने तिच्याकडे पाहिलं. बहीण रडत आत गेली.

मग मी, घरातला कर्ता मुलगा, आईला गॅलरीत घेऊन गेलो. मी तिच्याशी तिच्याच बोलीत बोललो, म्हणजे नीट लागावं. "आंडेर झायी म्हनीसन तू तिले हात लावत नही का? काय जमाना से, आन् तू काय करी राहिनी? लाज वाटस माले तुन्ही." मुलगी झाली म्हणून तू हात लावत नाहीस, मला तुझी लाज वाटते. हे मी म्हणालो. त्या वेळी मला ते फार सुधारलेलं, फार न्यायाचं बोलणं वाटत होतं.

"नही रे भाऊ," एवढंच ती म्हणाली. खाली रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत राहिली.

परतीच्या विमानात ती मधल्या खुर्चीवर होती. पट्टा लावायची सूचना झाली. ती एका हाताने बक्कल चाचपत होती. बायको म्हणाली, "आई, तो हात काढा ना बाहेर," आणि लावून द्यायला म्हणून स्वेटरची बाही वर केली. डावं मनगट सुजून जांभळं-हिरवं झालं होतं. हात मनगटाशी वाकडा वळला होता, सांडशीने पकडून वळवल्यासारखा. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण मला कुठे बघावं तेच कळेना.

सुरतेत उतरल्यावर आम्ही घरी न जाता सरळ हाडांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरने फोटो काढला, उजेडावर धरला. "माजी, ये तो कई दिन पुराना है. जुडने लगा है, लेकिन टेढा." त्याने मला विचारलं, आप साथ में नहीं थे? मी होतो, म्हणालो. त्याने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

प्लास्टर घालायला कंपाउंडर तयारी करत होता. मी आईला विचारलं, कधी झालं.

"दुसराच दिन सकाळे. न्हानीमा पाय सरकना."

"सांगं काबरं नही?"

तिने असं पाहिलं की जणू मीच विसरलो. "तठला दवाखाना तुमना फॅमिलीले व्हता. मी कोठे व्हतू फॅमिलीमा? त्या लोके तुलेच धरतीस, इतला खर्चा करतीस. आन् ते बाळनं बारसं." तिथला दवाखाना तुमच्या फॅमिलीसाठी होता, माझ्या खर्चासाठी त्यांनी तुलाच धरलं असतं, म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला तो धरून भांडता आलं असतं. ती मला नियम सांगत होती, मीच घरी आणलेला नियम, आणि तो तिने पाळला होता. मोडलेल्या हाताने ती पाळण्याशी बसून राहिली. लेक म्हणाली, मुलगा असता तर. मुलगा म्हणाला, लाज वाटते. दोन्ही तिने ऐकून घेतलं, कारण खरं कारण सांगितलं असतं तर मी अडचणीत आलो असतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथल्या पाणी पिण्याच्या नळाशी जाऊन उभा राहिलो आणि तहान नसताना पाणी पीत राहिलो.

त्या रात्री बहिणीला व्हिडिओ फोन लावला. आईने मला आधीच बजावलं होतं, पडले एवढंच सांग. बहिणीने प्लास्टर पाहिलं आणि ती हमसून रडली. "आई, मी तुला काय बोलले गं." आई हसत होती. "तुन्हा कार्यक्रममा इघ्न नको म्हनीसन नही सांगं." तुझ्या कार्यक्रमात विघ्न नको म्हणून सांगितलं नाही. बहिणीने त्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? आईने आपल्यासाठी दुखणं गिळलं, असं तिला वाटलं. मी फोन धरून उभा होतो. पडद्याच्या कोपऱ्यात माझाही चेहरा दिसत होता, आणि तो सगळं नीट झाल्यासारखा मान हलवत होता.

हात जुळला, पण पुरता नाही. मूठ मिटत नाही. धागा कटिंगला साडी डाव्या हाताने ताणून धरावी लागते, ते आता होत नाही. साड्यांचा ढीग घरातून कायमचा गेला. कुणी पाहुणे यायचे असले की तो आत ठेवायला सांगायचो, ते आता सांगावं लागत नाही.

ऑफिसात परवा एकाने विचारलं, "आम्ही थायलंडला जातोय, कार्डावरचा विमा पुरतो ना? तुम्ही म्हणाला होतात." मी म्हणालो, "सोबत आई-वडील आहेत का?" तो म्हणाला, आहेत. "मग त्यांचा वेगळा काढ. त्यांना काय काय होतं ते आधी त्यांना विचार, आणि ते काही नाही म्हणाले तर पुन्हा विचार." तो जरा चमकला. पूर्वी मी यावर अर्धा तास बोललो असतो.

गेल्या महिन्यात बहीण मुलीला घेऊन सुरतेला आली. बाळ आता बसायला लागलंय. आई खाली बसते, पाय पसरते आणि म्हणते, "ठेव मांडीवर." उचलून घेत नाही, मांडीवर घेते. बमरोलीच्या जुन्या शेजारणी बाळाला बघायला आल्या होत्या, चहा चालला होता, आणि शारजाचा विषय निघाला. आईला आपला किस्सा आठवला. ती तो फार छान सांगते. कार्ड, शेवभाजी, माझं इंग्रजी, फोनवरची पोरगी, "मदर फॅमिली में नहीं आती" हे तर ती त्या पोरीच्या आवाजात म्हणते. "आन् मी काय सांगेल व्हतं? फॅमिली म्हंजे तुन्ही बायको!" शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना तो शब्द कळत होता, त्या सगळ्याच कधीतरी फॅमिली म्हणून या शहरात आल्या होत्या. बहीणही हसली. तिने हा किस्सा पहिल्यांदाच ऐकला होता.

हसता हसता ती थांबली. "मग?" तिने विचारलं. "मग तुझा विमा काढला का नाही?"

बायको कप गोळा करत होती, ती तिथेच उभी राहिली. मी म्हणालो, "ऐक, मी..."

"मंग काय?" आई म्हणाली. "गऊत नि उनूत." गेलो आणि आलो. तिने डाव्या मनगटावर पदर ओढला आणि उजव्या हाताने बाळाला माझ्याकडे सरकवलं. "ले भाऊ, धर तिले. मन्ही मांडी भरी उनी."

मी दोन्ही हातांनी बाळाला घेतलं. बहीण अजून माझ्याकडे बघत होती. मी बाळाला घेऊन गॅलरीत गेलो.